गैरहजर मुलाच्या घरी कोण जाणार?

विजयादशमी आली की परभणी जिल्ह्यातून दोन संचलने निघतात. पहिले आपल्या ओळखीचे आहे. गणवेशातील स्वयंसेवक, पुढे घोष, भगवा ध्वज, चौकाचौकांत रांगोळ्या आणि माताभगिनींनी केलेली पुष्पवृष्टी. दुसरे संचलन त्यानंतरच्या पंधरवड्यात निघते आणि त्याच्या वाटेवर फुले घेऊन कोणी उभे नसते. गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतील बालाघाटाच्या कुशीतली गावे आणि जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातील तांडे हळूहळू रिकामे होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, खुराड्यातल्या कोंबड्या आणि त्या साऱ्या ढिगावर बसलेली लेकरे. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेला कोयता त्याच सामानात गुंडाळलेला असतो. आपण आपट्याची पाने वाटून सीमोल्लंघन साजरे करतो. ही माणसे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी खरोखरच जिल्ह्याची, कधी राज्याचीही सीमा ओलांडून उसाच्या फडावर जातात.

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा उघडते. गुरुजी हजेरीपट उघडून नावे वाचू लागतात. एका नावाला उत्तर येत नाही, दुसऱ्याला येत नाही, पाचव्याला येत नाही. त्या चौकटींत लाल शाईच्या खुणा पडतात आणि वर्ग पुढे सुरू होतो. पटावर नाव कायम आहे, वर्गात मूल नाही. ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे.

कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापनाचे ठरवले आहेत. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आईबापांच्या मागे फडावर गेलेल्या मुलाचे निम्म्याहून अधिक शैक्षणिक वर्ष कोपीत, भावंडे सांभाळण्यात आणि वाढे गोळा करण्यात जाते. एप्रिलमध्ये ते परततो तेव्हा वर्ग अपूर्णांकांपर्यंत पोहोचलेला असतो आणि याचे भागाकारही राहिलेले असतात. मग शाळा उघडी असली तरी ते जात नाही. गैरहजेरीचे पहिले कारण गरिबी असेल, पण दुसरे कारण लाज असते. मागे पडल्याची लाज मुलाला कोणत्याही कोयत्यापेक्षा खोल कापते.

सगळेच ऊसतोडीला जातात असे नाही. परभणी हा कापसाचा जिल्हा. वेचणी सुरू झाली की किलोवर मजुरी मिळते आणि लहान हातही दिवसाकाठी चार पैसे घरात आणतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत आई शेतात जाते, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबते. आठवडी बाजार, यात्रा, लगीनसराई, उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा. एकेक दिवस करीत महिना जातो. एका दिवसाच्या गैरहजेरीची दखल कोणी घेत नाही, म्हणून महिन्याची गैरहजेरी जन्माला येते.

दंड, तांदूळ, रुपया आणि शाई

मुलाला शाळेत आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याआधी सहाच वर्षे, १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते आणि परकीय सरकारने ते पुढे फेटाळले होते. जे साम्राज्याला जमले नाही ते एका संस्थानाने केले, कारण त्या राजाला ती रयत आपली वाटत होती. महाराजांच्या त्या एका रुपयामागे वसुलीची हाव नव्हती, तळमळ होती.

पुढे लोकशाही आली आणि दंडाची जागा प्रोत्साहनाने घेतली. १९९२ मध्ये राज्य शासनाने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला एक रुपया. अट ७५ टक्के उपस्थितीची. योगायोग पाहा, शाहू महाराजांचा दंड एक रुपयाचा आणि पाऊणशे वर्षांनंतरचा भत्ताही एक रुपयाचा! १९१७ चा रुपया पालकाला जड जात होता. १९९२ चा रुपया कित्येक वर्षे रुपयाच राहिला आणि शेवटी त्यात वहीही येईनाशी झाली. १९९५ मध्ये शालेय पोषण आहार आला. आरंभी ८० टक्के उपस्थितीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळे, पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न मिळू लागले. या ताटाने लाखो मुलांना शाळेत बसवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दुपारच्या खिचडीची चेष्टा करणाऱ्यांनी कधी उपाशीपोटी पाढे म्हटलेले नसतात.

आणि मग शाई आली. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आधी प्रयोग झाला आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत संपूर्ण महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. मतदाराच्या बोटाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावण्यात आली, एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून. १४०० हून अधिक शाळांत पटावरच्या मुलांपैकी निम्मीही हजर नव्हती. अनुदानासाठी नावे फुगवणाऱ्या संस्थाचालकांचे पितळ उघडे पडले, ते योग्यच झाले. परंतु त्या मोहिमेत एक प्रश्न विचारायचा राहून गेला. खोटी नावे वगळल्यावर जी खरी मुले उरली आणि तरीही हजर नव्हती, ती त्या तीन दिवसांत कोठे होती? त्यांच्या घरी कोण गेले?

दंड झाला, तांदूळ झाला, रुपया झाला, शाई झाली. या चारही उपायांत शासन आणि मूल समोरासमोर आहेत. मधले दोन दुवे, शिक्षक आणि पालक, एकमेकांशी बोलतच नाहीत. माझ्या मते खरी गाठ तेथे आहे.

कायद्यातले पालक आणि गावातले पालक

बालकांचा शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासूनचा. या कायद्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, पण त्याचे कलम २४ फार थोड्यांनी वाचले असावे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती आणि प्रगती त्यांच्या कानावर घालणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून त्यात लिहिले आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या महिला. कागदावर पाहिले तर शाळा पालकांच्याच हाती दिलेली आहे.

गावात काय दिसते? समितीचे रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरते. अंगठा कोठे उठवायचा तेवढे आईला दाखवले जाते. शाळेतून बोलावणे आले की पालकाच्या पोटात गोळा येतो, कारण बोलावणे येते ते तक्रारीसाठी, कागदासाठी किंवा आधार क्रमांकासाठी. पालकाने शाळेत जायचे ते फाटक्या कपड्यांनिशी, हात जोडून. गुरुजी परभणीहून किंवा गंगाखेडहून दुचाकीवर येणार आणि शाळा सुटताच परतणार. दोघांची गाठ पडणार कधी?

शिक्षकांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि रोजचे नवे परिपत्रक यांतून उरलेल्या वेळात ते शिकवतात. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक तालुक्याला माहिती द्यायला गेला की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. अशा शिक्षकाला गृहभेटी करण्याचा उपदेश करणे सोपे आहे. तरीही परभणीसारख्या जिल्ह्यातही असे शिक्षक आहेत, जे हंगामाच्या तोंडावर वस्तीवर जातात, आजीच्या हातापाया पडतात आणि एकेक मूल गावात थांबवून घेतात. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत.

मला अशा एका गुरुजींची आठवण आहे. मी तिसरीत होतो. वेचणीच्या दिवसांत वडिलांनी मला चार दिवस शेतावर नेले. पाचव्या दिवशी दिवेलागणीला गुरुजी आले. सायकल भिंतीला टेकवली, ओसरीवर बसले, आईने चहा दिला. कापसाच्या भावावर बोलले, बैलाच्या खांद्यावर बोलले. शाळेचे नाव नाही. उठताना वडिलांना एवढेच म्हणाले, "पाटील, उद्यापासून भागाकार सुरू करतोय. हा समोर नसला की मला शिकवायला करमत नाही." दुसऱ्या दिवशी मी शाळेत होतो. वडिलांना कोणत्याही कायद्याने जे पटले नसते, ते त्या एका वाक्याने पटले. आपल्या पोराची कोणी वाट पाहते, हे त्यांना प्रथमच कळले.

आपल्या पद्धतीत दडलेले उत्तर

संघाच्या शाखेवर गेलेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. शाखेत रोज संख्या मोजली जाते. बालस्वयंसेवक दोन दिवस आला नाही की गटनायक त्याच्या घरी जातो. जाब विचारायला नव्हे, विचारपूस करायला. ताप आहे का, परीक्षा आहे का, घरात काही अडचण आहे का? त्याची आई गटनायकाला ओळखू लागते, वडील त्याला बसवून घेतात आणि काही महिन्यांत ते घर शाखेचे होते. ज्या संघटनेकडे पैसा नव्हता, सत्ता नव्हती, वेतन देण्याची सोय नव्हती, ती शंभर वर्षे कशी वाढली याचे उत्तर या साध्या पद्धतीत आहे. विद्याभारतीच्या शाळांनीही गृहसंपर्क आणि मातृसंमेलन यांना शिक्षणाचेच अंग मानले आहे.

जेथे पालक घरी नसतात तेथेही समाजाने पालकत्व घेतल्याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यात आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ मध्ये भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानचा प्रकल्प सुरू झाला. गावोगाव हाकलल्या जाणाऱ्या पारधी आणि इतर भटक्या समाजांतील मुले तेथे राहू-शिकू लागली. ज्यांच्या घराला पत्ताच नव्हता त्या मुलांच्या पालांपर्यंत गिरीश प्रभुणे आणि त्यांचे सहकारी गेले, त्यांच्या आईबापांशी बोलले आणि विश्वास मिळवला. आधी संपर्क, मग शाळा. हा क्रम उलटा केला की इमारत उभी राहते आणि वर्ग रिकामे राहतात.

शाळा ही समाजाची असते, सरकारची नव्हे, ही भावना या भूमीला परकी नाही. निजामी राजवटीत मातृभाषेतील शिक्षणाची वाट अडवलेली असताना, धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिक्षक होते. सरकारचा रोष पत्करून लोकांनी आपली मुले अशा शाळांत पाठवली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, शाळा गावोगाव निघाल्या, आणि विचित्र असे की शाळा सरकारी होताच गावाने त्यांच्यावरचा हक्क सोडून दिला आणि कर्तव्यही.

लाल खुणेमागची मुलगी

हा प्रश्न केवळ गुणांचा किंवा साक्षरतेचा असता तर एवढ्या कळकळीने लिहिण्याचे कारण नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के. संतकवयित्री जनाबाईंचे जन्मगाव गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचा हा आकडा महाराष्ट्रात सर्वाधिक होता. स्त्रीला देवी म्हणणाऱ्या समाजाने ही ओळ दोनदा वाचावी.

याचा हजेरीपटाशी थेट संबंध आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि उचल मिळते ती कोयत्यावर. वयात आलेली मुलगी फडावर नेणे धोक्याचे, गावात एकटी ठेवणे त्याहून धोक्याचे. ती शाळेत टिकली नाही, की आईबापांपुढे लग्न हाच एक सुरक्षित मार्ग उरतो. त्यांना क्रूर म्हणण्यापूर्वी त्यांची रात्र डोळ्यांसमोर आणावी. आठवीतील मुलगी आधी सोमवारी येत नाही, मग आठवडाभर येत नाही, मग नाव पटावर राहते आणि ती सासरी असते. बालविवाहाची पहिली सूचना ग्रामसेवकाला किंवा पोलिसांना मिळत नाही. ती वर्गशिक्षकाच्या हजेरीपटावर आधीच उमटलेली असते. ती त्या आठवड्यात वाचली गेली, तर १०९८ हा क्रमांक फिरवण्याची वेळच येणार नाही.

काय करता येईल?

उपाय नवे शोधण्याची गरज नाही, वेळेवर आणि एकत्र करण्याची आहे. मूल गावात राहावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मुलांना शाळेत दोन्ही वेळचे जेवण मिळते आणि ती आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे राहतात. मात्र मंजुरी अनेकदा कुटुंबे गाव सोडून गेल्यावर येते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे. तिचा लाभ कोणत्या घराने घ्यायचा, हे त्या घरापर्यंत जाऊन सांगणारा कोणी हवा. मुलाला न्यावेच लागले, तर शिक्षण हमी पत्रक देऊन त्याला फडाजवळच्या शाळेत बसवण्याची सोय आहे. ते पत्रक आईच्या पेटीत पडून राहिले तर त्याचा उपयोग शून्य.

म्हणून माझे म्हणणे तीनच गोष्टींचे आहे.

पहिली, घरभेट दसऱ्यानंतर नको, पोळ्याच्या सुमारास हवी. उचल एकदा घेतली की निर्णय मुकादमाचा होतो. त्याआधी शिक्षक, समितीतील एक पालक आणि गावातील एक कार्यकर्ता, अशा तिघांनी त्या घरी बसावे. मूल कोणाकडे राहणार, जेवणार कोठे, आजारी पडले तर कोण पाहणार, हे आईच्या तोंडून ऐकावे आणि तिथेच ठरवावे.

दुसरी, आजी ही या व्यवस्थेची कणा आहे, तिला एकटे सोडू नये. साठीच्या पुढची बाई तीन नातवंडे सहा महिने सांभाळते. संध्याकाळी दोन तास मुलांना अभ्यासाला बसवणारा गावातला एक तरुण किंवा तरुणी तिला मिळाली, तर तिचे निम्मे ओझे उतरते. आठवड्यातून एकदा फडावरच्या आईबापांना फोन लावून मुलाशी बोलणे करून दिले, तर मूल पळून जाण्याचा विचार सोडते आणि आईचा जीवही थाऱ्यावर राहतो.

तिसरी, गैरहजेरीची विचारपूस त्याच दिवशी व्हावी. 'आज का आला नाहीस' हा प्रश्न महिन्याच्या शेवटी विचारला तर तो चौकशी ठरतो, त्याच संध्याकाळी विचारला तर तो जिव्हाळा ठरतो.

यावर आपल्यातील काही सुशिक्षित कुटुंबे म्हणतील, हा ग्रामीण गरिबांचा प्रश्न आहे. त्यांनी आपल्याच घराकडे पाहावे. अकरावी-बारावीची आपली मुले कोणत्या महाविद्यालयाच्या पटावर आहेत आणि दिवसभर कोणत्या खासगी शिकवणीत बसतात? वर्गात न जाता हजेरी लागावी म्हणून शुल्क भरणारे पालक मध्यमवर्गीयच आहेत. २०१८ मध्ये राज्य शासनाला काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, तो ऊसतोड कामगारांच्या मुलांमुळे नव्हे. पटावर नाव आणि वर्गात मूल नाही, हे सुखवस्तू घरांनीही सोयीस्करपणे स्वीकारले आहे. मग पालमच्या डोंगरातल्या बापाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की शाळा महत्त्वाची आहे?

संघाच्या शताब्दीनिमित्त कुटुंब प्रबोधन, सामाजिक समरसता आणि नागरिक कर्तव्य यांचा बराच उच्चार झाला, घरोघर संपर्काचे अभियानही झाले. हे तिन्ही विषय एकाच ओसरीवर भेटतात, ती ओसरी शाळेत न आलेल्या मुलाच्या घराची आहे. समरसता म्हणजे वर्षातून एकदा सहभोजन नव्हे. तांड्यावरच्या मुलीचे नाव आपल्याला ठाऊक असणे आणि ती काल शाळेत का नव्हती हेही ठाऊक असणे, ही तिची पहिली पायरी.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्या जिल्ह्याला उद्देशून सगळा महाराष्ट्र वापरतो आणि आपणही हसून घेतो. जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच. मुलांच्या बाबतीत ही म्हण आपण खरी करून दाखवली आहे. ती खोटी ठरवायला मोठा निधी लागणार नाही. येत्या पोळ्याला आपापल्या गावच्या शाळेत जावे, गुरुजींना नमस्कार करावा आणि एवढेच विचारावे, "मागच्या हंगामात कोण कोण गैरहजर होते?" ती यादी हातात आली की पुढचे काम कार्यकर्त्याला शिकवावे लागत नाही.